भट्टीसमोरचे काळे कोट

स्टुडिओवाल्या ताईंचं दिवसभराचं पालुपद ठरलेलं. "हनुवटी खाली. खांदे सैल. हसू नका. झालं!" पासपोर्टच्या फोटोला कारकून बसो की कुणाची नवी सून, शब्द तेच आणि चालही तीच. सुट्टीच्या दिवशी मात्र ताईंची कळी खुलायची. ऊन चांगलं रणरणायला लागलं की तिपाई खांद्यावर टाकायची आणि बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याची वाट धरायची.

"जगातले फोटोवाले पहाटे उठतात," यजमान काउंटरमागून म्हणायचे. "आमची बाई भर दुपारी टाळू भाजायला जाते."

"मला हवा तो उजेड दुपारीच भरपूर असतो."

"आणि दिसतो का तो?"

"नाही."

"मग ठीक आहे. टोपी घ्या."

ताईंनी एक जुना कॅमेरा उघडून आतली, न दिसणारा उजेड अडवणारी काच काढून घेतली होती. पुढे जवळजवळ काळी काच लावली, की डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड तेवढा आत शिरायचा. मग हिरवी पानं दुधासारखी पांढरी यायची आणि निळं आकाश काळंभोर. पडक्या भट्टीवर चढलेला वेल म्हणजे जणू म्हातारीनं केस मोकळे सोडलेले. त्यातून गंजलेलं लोखंड असं उठून यायचं, की हात लावला तर चटका बसेल.

याच भट्टीवर ताईंच्या वडिलांची सगळी नोकरी झाली. कारखान्याचे निवृत्त कामगार जमायचे, त्या खोलीत मधली भिंत रिकामी होती. तिथे आपण काढलेली भट्टी लागावी, एवढंच ताईंना हवं होतं. पण किल्ली होती मुकादमांकडे. भट्टीच्या भात्यांशेजारी राबून मुकादमांचे कान अधू झाले, आवाज मात्र तिथलाच राहिला.

"नुसती भट्टी काय करायची, पोरी? आम्ही पण पाहिजे तिच्यापुढे! आवडला तर लावू, नाहीतर बाजारातनं धबधबा आणतो! रंगीत!"

ठरल्या दिवशी म्हातारी मंडळी नटून आली. मुकादमांचा हुकूमच होता, सगळ्यांनी काळे कोट घालायचे. स्वतः त्यांनी जावयानं दिलेला नवा झुळझुळीत कोट घातला होता. कारखान्यात क्रेन चालवलेल्या काकांचा लोकरीचा कोट तेवढा त्यांच्याच वयाचा वाटत होता.

"कसरीचं घर आहे ते!" मुकादम गरजले.

"असू दे. ऊब तरी देतो," काका पुटपुटले.

ताईंनी सगळं नीट केलं. आधी फोटोची चौकट ठरवली. नजरेनं स्पष्ट दिसेपर्यंत लेन्सचं कडं फिरवलं, मग लाल खुणेपर्यंत थोडं सरकवलं, कारण न दिसणारा उजेड जरा वेगळ्या जागी जुळतो. शेवटी काळी काच लावली. आता त्यांनाही काही दिसेना. "हलू नका!" म्हणत बटण दाबलं. उन्हात कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर काही कळेना, तरी खूश होऊन घरी आल्या.

मग मोठ्या पडद्यावर फोटो उघडला. भट्टी सुरेख. वेल सुरेख. आणि मुकादमांचा कोट पांढराफटक! शेजारचे दोन राखाडी. काळा राहिला तो फक्त काकांचा. कापड काळं दिसलं तरी त्याचा रंग हा उजेड परतवून लावू शकतो. ताईंना हे ठाऊक होतं, पण आजवर त्यांनी पानं आणि लोखंड टिपलं होतं. कोट घातलेला माणूस या कॅमेऱ्यापुढे कधी उभाच केला नव्हता.

यजमान मागे येऊन उभे राहिले. "हे कोण, बेकरीवाले?"

"हसू नका."

"ते तुम्ही गिऱ्हाइकांना सांगा."

ताईंनी कोट कॉम्प्युटरवर काळे करून पाहिले. माणसांना मधोमध भोकं पडल्यासारखी दिसू लागली. त्यांनी ते पुसलं आणि मूळ फोटोच मोठा छापून घेतला.

खोलीत कागद उलगडला तेव्हा मुकादम चष्मा लावून त्यावर वाकले. ताईंच्या डोळ्यांसमोर बाजारातला रंगीत धबधबा कोसळू लागला.

"मुकादम, माझं चुकलं. हा कॅमेरा कोटाचा रंग..."

"थांब, पोरी." आवाज चक्क खाली आला. "भट्टीतनं लोखंडाचा रस सोडला की असंच व्हायचं. मळके कपडे, काजळलेली तोंडं, सगळं त्या झोतात पांढरं. तुझा बाप मला असाच आठवतो. तुला कुणी सांगितलं हे?"

"कुणीच नाही."

"मग मी एकटा काळा का?" काकांनी तक्रार मांडली.

"तू वर क्रेनमध्ये बसायचास! तुझ्यापर्यंत कुठला झोत!" मुकादमांचा आवाज पुन्हा जागेवर आला आणि खोली हसून लोळली.

"असं कसं? मी पण भाजलोय. ताई, परत काढा. मी पुतण्याचा कोट मागून आणतो."

"काढू की. खुशाल आणा," ताई म्हणाल्या. "पण तो दुसरा फोटो. भिंतीवर हाच."

मुकादमांनी हातोडी स्वतः घेतली. पहिला खिळा वाकला, दुसऱ्यानं भिंतीचा पोपडा काढला. ताईंनी स्टूल धरून ठेवलं आणि तिसरा खिळा पुढे केला.