तीन तुकडे, एकच खाच

त्या काळी मी कल्याणला रेल्वेच्या कारखान्यात नकाशे काढत असे. घाटाच्या चढणीवर एका मालगाडीची जोडकडी तुटली आणि मागचे डबे उताराने उलटे घसरले. प्राणहानी झाली नाही. पण ती कडी घडवणारे लोहारमिस्त्री गोत्यात आले. सामानाच्या कोठीवरचे कारकून म्हणत, मिस्त्रींनी भट्टीत लोखंड जाळले. मिस्त्री म्हणत, कोठीतून सळईच ठिसूळ आली. मिस्त्रींची चूक ठरली तर नोकरी आणि रेल्वेची खोली, दोन्ही जाणार होत्या.

लोखंडाला खाच पाडून घणाने मोडायचे आणि आतला पोत पाहायचा, असे कारखान्याच्या साहेबांनी ठरवले. तंतू दिसले तर लोखंड चांगले, दाणे दिसले तर वाईट. खाच पाडण्याचे काम माझ्याकडे आले. एरवी ती छिन्नीने अंदाजाने पाडत. पण खाच फार धारदार पडली तर चांगले लोखंडही दाणेदार मोडते, हे मी पाहिले होते. म्हणून मी सारख्या जाडीचे तीन तुकडे मागितले: तुटल्या कडीचा एक, त्याच मालातल्या कोऱ्या सळईचा एक, आणि जुन्या खात्रीच्या सळईचा एक. पत्र्याचा साचा कापला आणि कानशीने तिन्हींवर तीच खाच पाडली.

"अशा खाचेने साहेबांची काठीसुद्धा मोडेल," कारकून म्हणाले.

मिस्त्री हसले नाहीत. जवळ येऊन हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, माझ्या तुकड्यावर कानस जरा हलकी चालवा."

तसे केले तर निकालावर कोणी विश्वास ठेवणार नाही, असे मी सांगितले. ते बाजूला जाऊन उभे राहिले.

जुना तुकडा घणाखाली वाकला, मग फाटला. आत चिरलेल्या बांबूसारखे तंतू होते. कडीचा तुकडा पहिल्याच घावाला तुटला. आत खडेमिठासारखे चकाकणारे दाणे. कारकुनांनी साहेबांकडे पाहिले. नोकरी गेलीच असे धरून मिस्त्री कमरेला बांधलेले कामाचे कातडे सोडू लागले. तिसरा तुकडा अजून मोडायचा आहे, याची मी आठवण करून दिली.

कोऱ्या सळईचा तुकडाही पहिल्याच घावाला तुटला. भट्टीत कधी न गेलेल्या त्या लोखंडातही तेच मीठ.

साहेबांनी दोन्ही तुकडे उन्हात शेजारी धरले. या मालाच्या आणखी कड्या कुठे आहेत, असे त्यांनी विचारले.

"गाड्यांवर चढल्यात, साहेब," मिस्त्री म्हणाले. "एक त्या समोरच्या गाडीला आहे."

यार्डात घाटाकडे जाणारी मालगाडी उभी होती आणि तिला निघण्याचा सिग्नल पडलेला होता. साहेब काही बोलण्याआधीच मिस्त्री अर्धवट सुटलेले कातडे हातात धरून इंजिनाच्या दिशेने धावत सुटले.