फिरवलेली चादर

माणूस सुट्टीवर निघाला की लाज घरीच ठेवून येतो, असं काकूंचं ठाम मत होतं. अकरा वर्षं दुसऱ्यांचे केस न्हाणीच्या जाळीतून बोटांनी ओढून काढल्यावर ते बनलं होतं. शहरापासून दोन तासांवर, डोंगराच्या उतारावर, दातांच्या एका डॉक्टरांची लाकडी केबिन होती. ती पाहुण्यांना भाड्याने जायची आणि तिची साफसफाई काकूंकडे होती. दारावर पाटी होती, ‘घाई बाहेर ठेवून आत या.’ पाहुणे ती वाचून खूश व्हायचे आणि मग अगदी निवांतपणे घाण करायचे. पलंगाखाली अर्धवट खाल्लेली सफरचंदं, चहाच्या कपात विझवलेल्या सिगारेटी. एका प्राध्यापकाने तर अंघोळीच्या टबात चिखलाचे बूट धुतले होते, वर टॉवेलने पुसले होते. काकू हे सगळं नाक मुरडत निस्तरायच्या आणि रात्री पानावर बसल्यावर नवऱ्याला साग्रसंगीत ऐकवायच्या. नवरा बसचा निवृत्त ड्रायव्हर. तो घास हातात धरून म्हणायचा, "अगं, जेवू दे की मला."

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा काकूंनी काम सोडलं आणि आपल्या जागी सुनेला लावलं. त्याला तीन महिने झाले होते, पण सून अजून कायम झाली नव्हती. मुलाचा कारखाना बंद पडलेला, त्यामुळे घराची सगळी भिस्त तिच्याच कामावर. अशात डॉक्टरांनी काकूंना दवाखान्यात बोलावलं.

"काकू, तुमच्याइतकी स्वच्छता मी माझ्या दवाखान्यातसुद्धा बघितली नाही," ते म्हणाले. "आता काकांना घेऊन दोन दिवस केबिनवर राहा, पाहुण्यांसारखं. सुनेला मात्र कळू देऊ नका. सोमवारी मला सांगा, तिला कायम करू की दुसरं कुणी बघू. तुमचा शब्द शेवटचा."

कौतुकाने काकू हरभऱ्याच्या झाडावर चढल्या. सुनेला सांगितलं की धाकट्या बहिणीकडे जाऊन येतो, आणि शनिवारी दुपारी दोघं केबिनवर हजर झाले.

आत शिरताच सुवासिक पाण्याचा वास आला. काकूंना तो वास ओळखीचा होता आणि तो आवडला नाही. नवरा मात्र बूट काढून थेट पलंगावर आडवा झाला, हात डोक्याखाली घेतले आणि म्हणाला, "वा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी गादी घालून ठेवलीये."

"उठा," काकू म्हणाल्या.

"का?"

"उठा म्हणते ना."

धोब्याकडून येणाऱ्या प्रत्येक चादरीच्या एका कोपऱ्याला कापडाची छोटी पट्टी शिवलेली असते. ती पट्टी नेहमी पायाकडे ठेवायची, हा काकूंचाच नियम. त्यांनी पायाकडचा कोपरा उचकटला. पट्टी नव्हती. डोक्याकडे गेल्या, गादीखाली हात घातला, तर पट्टी तिथे. म्हणजे चादर बदललेलीच नव्हती. फिरवली होती. आधीच्या पाहुण्यांनी दोन रात्री जिथे पाय घासले, ती बाजू आता उशीखाली आली होती. काकूंनी उशी उचलली. पांढऱ्या कापडावर टाचेचा करडा ठसा होता, आणि शिवणीत अडकलेला नखाचा पिवळा, वाकडा तुकडा.

कुणाच्या तरी अंगठ्याचं नख, आणि त्यावर गाल टेकून झोपायचं. त्या मोरीवर जाऊन कोरडे उमासे देत उभ्या राहिल्या. बाहेर आल्या त्या रागाने लाल होऊन.

"चादर बदललीच नाही, नुसती फिरवलीये. सोमवारी सांगते डॉक्टरांना, हाकलून द्या म्हणावं. घाणेरडी मेली."

नवऱ्याने नख चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकलं आणि पुन्हा आडवा झाला. "मी जन्मभर बसच्या सीटवर बसलो. आधी कोण बसलं होतं, ते विचारत राहिलो असतो तर गाडी डेपोतून हललीच नसती. तुला कसं कळलं पण, चादर फिरवलीये ते?"

आता काकू काय सांगणार, कपाळ. ही युक्ती त्यांचीच होती. पहिले पाहुणे अकराला जायचे आणि दुसरे एकला यायचे. दोन तासांत तीन पलंग, दोन न्हाण्या, स्वयंपाकघर आणि ओसरी. ते काम दहा हातांच्या बाईलाही जमलं नसतं. म्हणून डाग असेल तर चादर बदलायची, नसेल तर फिरवायची, वर सुवासिक पाणी शिंपडायचं आणि पलंगावरच इस्त्री ओढायची. सुनेला हे त्यांनी इथेच, याच पलंगाशी उभं राहून शिकवलं होतं. सून तेव्हा म्हणाली होती, "आई, शी. लोक झोपतात यावर." आणि काकू हसल्या होत्या, "लोक कसे असतात ते अजून बघितलं नाहीस तू."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या रात्री काकू ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत शाल गुंडाळून झोपल्या, तरी अंगावर काहीतरी वळवळल्यासारखं होतच राहिलं. सगळ्यात जास्त शिसारी त्यांना स्वतःच्या हातांची आली.

रविवारी त्यांनी तिन्ही पलंगांच्या चादरी टबात घातल्या आणि गुडघे दुखेपर्यंत चोळल्या. पाणी बघता बघता काळं झालं. नवरा म्हणत होता, बस जरा, डोंगर बघ. अकरा वर्षांत काकूंनी डोंगर बघितलाच नव्हता. खिडकी पुसताना नजर काचेवरच्या बोटांच्या ठशांवर असायची, त्यामागचं काही दिसायचं नाही. आता कठड्यावर चादरी वाळत घातल्यावर त्यांनी पाच मिनिटं बघितला. बरा होता. पण मनात सोमवार घोळत होता. सुनेची तक्रार केली तर घराच्या पोटावर पाय. ‘छान काम करते’ म्हटलं तर पुढच्या पाहुण्याच्या गालाखाली पुन्हा कुणाचं तरी नख.

सोमवारी दहाला डॉक्टर आले. काकूंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला.

"मग, काय ठरलं?" त्यांनी कप उचलला.

"तिला कायम करा. पण दोन पाहुण्यांच्या मध्ये पाच तास ठेवा. दोन तासांत चादरी बदलून होत नाहीत."

"तुम्ही तर करत होता."

"नव्हते करत," काकू म्हणाल्या. "फिरवत होते. पायाकडची डोक्याकडे. अकरा वर्षं. तिला मीच शिकवलं."

डॉक्टरांचा कप ओठांपाशी थांबला. "माझी आई ऑपरेशननंतर इथं पंधरा दिवस राहिली होती."

"हो."

"तेव्हा?"

खोटं बोलणं सोपं होतं. "तेव्हापण सकाळीच पाहुणे गेले होते," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी कप बशीत ठेवला आणि बशी हाताने दूर सारली. खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, एकेक करून. मग फोन लावून येणाऱ्या पाहुण्यांना सांगितलं की चारच्या आधी येऊ नका, आजपासून हीच वेळ. निघताना दारात सून भेटली, हातात धुतलेल्या चादरींचं गाठोडं घेऊन. "तुम्ही कायम," एवढंच तिला म्हणाले आणि काकूंकडे न बघता गाडीत बसले.

सून सासूला तिथे बघून जागच्या जागी थिजली. "आई? तुम्ही मावशींकडे..."

"ते नंतर. आधी पलंगांवरच्या चादरी काढ. सगळ्या. चार वाजेपर्यंत वेळ आहे."

सून टेबल आवरायला लागली. काठोकाठ भरलेला कप उचलला. चहावर साय धरली होती.

"डॉक्टरांनी घोटसुद्धा घेतला नाही?"

"किळस आली त्यांना."

"कशाची?"

"माझी," काकू म्हणाल्या, आणि उशीची खोळ ओढायला लागल्या.