दोन पंच आणि एक कपाट

आमच्या नौपाड्यातला सरकारी दवाखाना एका नव्या आरोग्य महामंडळाकडे जायचा होता. जागा, इमारत, विहीर, खाटा, औषधं, सगळ्याचा करार झाला होता. सरकारने देऊन टाकलं होतं, महामंडळाने अजून घेतलं नव्हतं. त्यांचे साहेब मुंबईहून ताबा घ्यायला येईपर्यंत औषधांच्या कपाटाला लाखेचं सील लावायचं ठरलं. सील लावताना आणि काढताना दोन प्रतिष्ठित पंच हजर लागत. एक माजिवड्याचे मिठागरवाले, दुसरे माझे वडील.

वडील शाळामास्तर, नाकासमोर चालणारे. पंच म्हणून बोलावणं आलं तर त्यांनी कोट इस्त्रीला दिला. आम्ही दोघी बहिणी फिदीफिदी हसलो. सील लावायच्या वेळी कारकुनाने रोजची औषधं बाहेर काढली आणि विचारलं, "मास्तर, सापाचं इंजेक्शनपण बाहेर ठेवू का?" वडील म्हणाले, "ते यादीत चढलंय. आता बाहेर काढलं तर यादी खोटी ठरेल." हे त्यांनीच घरी येऊन कौतुकाने सांगितलं. आम्हीही माना डोलावल्या.

त्याच आठवड्यात धाकटी परसातल्या ढिगातून जळण काढत होती. तिच्या हाताला नाग डसला. आई आणि मी तिला उचलून दवाखान्यात नेलं, शाळेतून वडील धावत आले.

डॉक्टर म्हणाले, "औषध आहे, पण आत आहे. मास्तर, तुम्ही पंच. तुम्ही हो म्हणा, मी सील तोडतो. पुढचं पुढे बघू."

वडिलांनी धाकटीकडे पाहिलं, मग कपाटाकडे. "एकट्या पंचाचं चालत नाही. दुसऱ्यांना घेऊन येतो. उगाच तुमच्या नोकरीवर गदा नको," म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून माजिवड्याला गेले.

"अहो, फोडा ना ते!" आई ओरडत होती. डॉक्टरांनी खलातला बत्ता उचलला. कारकून म्हणाला, "साहेब, पोलीस केस होईल." डॉक्टर म्हणाले, "मी आज नक्की कोणाचा नोकर, तेच मला ठाऊक नाही," आणि त्यांनी बत्ता खाली ठेवला. मला आजही त्या माणसाचा संताप येतो. धाकटीच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. तिला बोलायचं होतं, पण जीभ वळत नव्हती. मी तिचा हात चोळत बसले.

मिठागरवाले मिठागरावर होते. त्यांना शोधून, सायकलवर डबलसीट बसवून वडील आले, तेव्हा डॉक्टर तिच्या अंगावर चादर ओढत होते. दोन्ही पंच कपाटासमोर उभे राहिले. आता ते उघडायचं काही कारण उरलं नव्हतं.

पुढे साहेब आले, ताबा घ्यायचा दिवस ठरला. वडिलांना पुन्हा बोलावणं आलं. ते जाणार नाहीत असं मला वाटलं होतं. ते गेले. सील शाबूत असल्याच्या कागदावर सही करून आले आणि पाटावर बसले. आईने ताट वाढलं. धाकटी गेल्यापासून ती त्यांच्याशी बोललेली नव्हती.

"निघालं का हो इंजेक्शन आत?" तिने विचारलं.

"निघालं."

"किती?"

वडील ताटाकडे बघत म्हणाले, "यादीत होतं तेवढंच. एकही कमी नाही."