एक महिन्याची सुट्टी

"येतोच."

फोनवर समोरचा काय बोलतोय हे पुरतं ऐकायच्या आधीच आमचे पाळकसाहेब हा शब्द बोलून मोकळे व्हायचे. बोलता बोलता डावा पाय चपलेत गेलेला असायचा. बशीत ओतलेला चहा तसाच राहायचा. कोणाच्या पोटात दुखतंय, कोणाचा जावई रुसून बसलाय, कोणाच्या म्हशीनं पान्हा चोरलाय, सगळ्यांना उत्तर एकच. म्हशीसाठी प्रार्थना करायला हा माणूस भर उन्हात आळ्याहून खोडदला गेलेला मी स्वतः पाहिलाय. त्यात दुसऱ्या दिवशी म्हैस दूध द्यायला लागली, मग तर विचारूच नका. त्या आठवड्यात आणखी तीन गोठ्यांतून फोन आले.

माझं आळेफाट्यावर मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात, मी जुनी तार काढून नवी भरतो. शिवाय मी आमच्या मंडळीचा सचिव. चर्चला आमच्यात मंडळी म्हणतात आणि पाद्र्याला पाळक. सचिवाची कामं दोन: कमिटीच्या मीटिंगचं इतिवृत्त लिहायचं आणि अध्यक्षांच्या बोलण्याला मान डोलवायची. दोन्ही मी चोख केली, दुसरं जरा जास्तच.

पाळकसाहेब आमच्याकडे आले तेव्हा आम्ही अकरा घरं होतो. पत्र्याची शेड आणि सहा बाकं. काही वर्षांत रविवारी दोन उपासना व्हायला लागल्या, तरी माणसं बाहेर सतरंज्या टाकून बसायची. येडगावला घरसभा, खोडदला घरसभा, पुढे मंचर आणि घोडेगावलाही. "आमची मंडळी लई वाढली राव," असं आम्ही पाहुण्यारावळ्यांना छाती फुगवून सांगायचो. वाढली होती खरी, पण ती सगळी एका माणसाच्या मोटारसायकलवर बसली होती. ते आम्हाला दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. दिसत होतं आणि बरं वाटत होतं.

त्यांनी स्वतः एक उपाय काढला होता. कमिटीतल्या आम्हा पाच जणांना त्यांनी समोर बसवलं आणि म्हणाले, "आजाऱ्याला भेटणं, घरी जाऊन प्रार्थना करणं, हे तुम्हीही करू शकता. मी शिकवतो. मी एकटा किती ठिकाणी पुरणार?"

माझ्या वाट्याला येडगाव आलं. तिथल्या एका घरात मी गेलो. बाईंनी खुर्ची दिली, पोहे दिले, चहा दिला. त्यांच्या आजारी सासऱ्यासाठी मी प्रार्थना केली, आणि स्वतःच्या तोंडानं सांगतो, वाईट केली नव्हती. बाई 'आमेन' म्हणाल्या, पदर सावरला आणि विचारलं, "तुमी आला ते बरं झालं भाऊ. पन पाळकसायेब कवा येनार?"

लोकांचं कशाला, माझ्या आईचंच घ्या. आठवड्यातून दोनदा तिला छातीत धडधडायचं. मी म्हणालो, "आई, मी करतो प्रार्थना." ती म्हणाली, "तू तुझ्या मोटारी बघ. डोक्यावर हात पाळकसायबांचाच पायजे."

सगळ्या घरांत हेच. आमच्या लोकांचा असा पक्का समज की प्रार्थना कोणाचीही चालेल, पण हात त्यांचाच हवा. दोन महिन्यांत आम्ही पाचही जण घरी बसलो आणि ते पुन्हा मोटारसायकलवर. सोमवार त्यांचा विश्रांतीचा दिवस होता. सोमवारी साहेब नक्की घरी सापडतात हे कळल्यावर लोक सोमवारीच यायला लागले.

मग ते माझ्या दुकानात येऊन बसायला लागले. दुपारी यायचे, मोटारसायकल दुकानामागे लावायचे. पुढं लावली तर लोक ओळखतील म्हणून. कॉइल गुंडाळायचं माझं हातानं फिरवायचं मशीन आहे. ते म्हणायचे, "भाऊ, द्या जरा." मी तार लावून द्यायचो आणि ते हँडल फिरवत वेढे मोजत बसायचे. छप्पन्न, सत्तावन्न, अठ्ठावन्न. एकदा म्हणाले, "हे बरं आहे. इतके वेढे म्हणजे इतकेच. पुरे झाले की थांबायचं."

मी हसलो. मला वाटलं, साहेबांना आमच्या धंद्याची गंमत वाटतेय.

पुढं चुका व्हायला लागल्या. एका बाळाला आशीर्वाद देताना त्यांनी त्याच्या मोठ्या भावाचं नाव घेतलं. मंचरला एका घरी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी प्रार्थना करायची होती, त्यांनी मुलीच्या लग्नासाठी केली. मुलगी जेमतेम चौथीत. घरातले हसले, आम्हीही हसलो. आमच्या अध्यक्षांनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेबांचं ध्यान नाही हल्ली. जरा बोलायला पाहिजे." अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना समोर चूक दिसली की लाल शाई आठवते.

त्याच आठवड्यात दुकानात, हँडल फिरवता फिरवता, पाळकसाहेब मध्येच थांबले.

"भाऊ, मला प्रार्थना येईनाशी झालीय."

"म्हणजे?"

"तोंडातून शब्द येतात. लोकांना बरंही वाटतं. पण मी तिथं नसतो. परवा एक बाई माझ्यासमोर रडत होती आणि माझ्या मनात एवढंच, हिनं आता आटपावं." त्यांनी हँडलवरचा हात काढला. "असा माणूस तिथं उभा राहतो, हे पाप आहे ना?"

मी घाबरलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांची नाही, माझी काळजी वाटली. यांचंच असं झालं तर आम्ही कोणाकडे बघायचं? म्हणून मी काय बोललो असेन? "साहेब, विश्वास ठेवा." ज्या माणसानं मला विश्वास शिकवला त्याला मी हे सांगितलं. ते पुन्हा हँडल फिरवायला लागले आणि म्हणाले, "हो, खरंय." किती वेढे झाले होते ते दोघंही विसरलो. ती कॉइल मला पुन्हा करावी लागली.

दोन दिवसांनी पाळकीणबाई दुकानात आल्या. हातात मिक्सर होता. मी तो उघडून बघितला, मिक्सरला काहीच झालं नव्हतं.

"त्याला काही झालेलं नाही, भाऊ," त्याच म्हणाल्या. "रिकाम्या हातानं आले असते तर लोकांनी विचारलं असतं." मग त्या हळू आवाजात बोलायला लागल्या. साहेब जेवत नाहीत. अंघोळीला बसले की तासभर बाहेर येत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय, सगळं बंद करून पूर्ण विश्रांती घ्या, नाहीतर हा माणूस हातचा जाईल. "एक महिना सुट्टी द्या त्यांना. फोन नको, भेटी नको. ते स्वतः मागणार नाहीत. तुम्ही कमिटीत मांडा. मी हात जोडते."

मी शब्द दिला. "बाई, तुम्ही काळजी करू नका. सुट्टी मंजूर झाली असंच समजा."

मीटिंगमध्ये मी विषय मांडलाही. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "एक महिना? एवढी वाढती मंडळी, आणि पाळक महिनाभर नाही? आजारी माणसं आहेत, दोन लग्नं आहेत. सैतान घेतो का सुट्टी?"

कोणीतरी म्हणालं, "पाळकसायबांवर दुष्टाचा हल्ला झालाय. त्यावर सुट्टी घेऊन काय व्हनार?"

माना डोलल्या. आता पुढचं ऐका, कारण हे मी आजवर कोणालाच धड सांगितलेलं नाही. पाळकीणबाईंना दिलेला शब्द माझ्या घशाशी होता, आणि अध्यक्ष माझ्याकडे बघत होते. सगळ्यांचंच मन राखावं म्हणून मी म्हणालो, "मग असं करू. साहेबांसाठी तीन दिवस उपवास-प्रार्थना ठेवू. सगळी मंडळी मिळून."

सगळ्यांचे चेहरे उजळले. अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली. तारखा ठरल्या, मांडव ठरला. शेवटी प्रश्न आला, सभा चालवणार कोण?

"कोन म्हंजे?" एकजण म्हणाला. "पाळकसायेबच की."

आणि मी इतिवृत्तात तसं लिहिलं.

दमलेल्या माणसाचा थकवा जावा म्हणून त्यालाच तीन दिवस उपाशी उभं करणारी माणसं तुम्ही पाहिली नसतील. आम्ही ती होतो, आणि फार प्रेमानं करत होतो. खोडदहून टेम्पो भरून माणसं आली. घोडेगावच्या बायकांनी त्यांच्यासाठी शाल आणली. पहिल्या दिवशी सभा झाल्यावर लोक रांगेत उभे राहिले, आलोच आहोत तर डोक्यावर हात ठेवून घेऊ म्हणून. त्या रांगेत माझी आई होती. तिला धरून मी उभा होतो. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग आईच्या डोक्यावर हात ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटची प्रार्थना होती. ते उभे राहिले, डोळे मिटले आणि नेहमीच्या त्याच खणखणीत आवाजात बोलायला लागले.

"प्रभू, आज आम्ही एका माणसासाठी तुझ्यापुढे आलो आहोत. तो फार दमला आहे. त्याला तू..."

एवढंच. पुढं काही आलं नाही. आम्ही डोळे मिटून वाट बघत होतो. मांडवात एवढी माणसं, पण पंख्यांचा आवाज तेवढा. कोणीतरी हुंदका दिला, कोणी "हालेलूया" म्हणालं. लोकांना वाटलं, पवित्र आत्मा उतरलाय. मी डोळे उघडले. पाळकसाहेब तसेच उभे होते, तोंड उघडं, ओठ हलत होते, आणि पँट ओली झाली होती.

पाळकीणबाई उठल्या. त्यांनी ती घोडेगावची शाल साहेबांच्या कमरेभोवती गुंडाळली, आणि धरून बाजूच्या दारानं बाहेर नेलं. निम्म्या लोकांचे डोळे तेव्हाही मिटलेलेच होते.

आठवड्याभरात राजीनाम्याचा कागद आला. दोन ओळी, अक्षर बाईंचं. ते बाईंच्या भावाकडे गेले, लांब, दुसऱ्या जिल्ह्यात. आम्ही निरोपाचा कार्यक्रम ठेवायच्या आधीच घर रिकामं झालं होतं. काही जण म्हणाले, "पळून गेले." असं म्हणणाऱ्या एकाशी मी माझ्या दुकानात हमरीतुमरीवर आलो आणि त्याची मोटार न भरताच परत दिली. त्यानं काय साधलं? बोलायचं होतं तिथं मी बोललो नव्हतो.

सहा महिन्यांनी धीर करून मी फोन केला. बाईंनी उचलला. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"बरे आहेत. भावाच्या शेळ्यांना चारा घालतात. जेवतात आता. फक्त घरात कोणाचाही फोन वाजला ना भाऊ, की उठून मोरीत जाऊन बसतात. चपला घालून बसतात." मग त्या म्हणाल्या, "तुम्ही पुन्हा नका करू फोन."

मी केला नाही.

यंदा आई अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. डोळ्यांना दिसायचं जवळजवळ बंद झालं होतं, जीभ जड झाली होती, पण एक गोष्ट ती स्पष्ट बोलायची. "पाळकसायबांना बोलवा. त्यांचा हात डोक्यावर आला की मी जाते." मंडळीत नवीन पाळक आलेत, चांगले आहेत, ते दोनदा येऊन गेले. तिनं मान फिरवली. "हे न्हाईत. आपलं पाळकसायेब."

तीन दिवस ती जीव धरून होती. अध्यक्ष भेटायला आले आणि म्हणाले, "अरे, करा ना फोन त्यांना. मरणाऱ्या म्हातारीची इच्छा आहे. ते नाही म्हणायचे नाहीत."

हीच तर अडचण होती. ते नाही म्हणाले नसते. मी फोन हातात घेऊन ओसरीवर बसलो. आत आईचं कण्हणं ऐकू येत होतं. माझ्या आईला त्रास कमी व्हावा, एवढंच मला हवं होतं. येडगावच्या त्या बाईंनाही सासऱ्यासाठी एवढंच हवं होतं. आमच्यातल्या प्रत्येकाला एवढंच हवं होतं. मी फोन खिशात ठेवला आणि आत गेलो.

दुपारचे तीन वाजले असतील. मी कॉटजवळ गुडघे टेकले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. काय प्रार्थना केली ते सांगता येणार नाही. अर्धी आईसाठी होती आणि अर्धी दुसऱ्याच कोणासाठी तरी.

ती हलली. "आलं का पाळकसायेब?"

"हो," मी म्हणालो.

बऱ्याच वेळानं तिनं माझा हात डोक्यावरून काढून स्वतःच्या हातात घेतला आणि बोटांनी चाचपला. तिनं ओळखलं की नाही, मला माहीत नाही.

"लई खरबरीत झालाय वो हात," ती म्हणाली. "लई काम पडतंय का तुमाला?"

मी हात तिच्या हातात तसाच राहू दिला.

"आमी समदी बोलावतच ऱ्हायलो तुमाला. पडा जरा. हितंच पडा. आता कुनाकडं जाऊ नका."

मी कॉटच्या कडेला फरशीवर आडवा झालो. तिनं माझा हात सोडला नाही, आणि संध्याकाळी ती गेली तेव्हाही मी तसाच पडून होतो.