एकशे सात पदकं आणि माझी एक राखायची खोड

चूक माझी, अन् बोलणी खायली माझी नात मुक्ती. गावात जो तो तिला विचारायलाय, "एका आकड्यापायी घालवलंस व्हय गं?" मला कुणी विचारीना, कारण माझ्या तोंडाला लागायची कुणाची टाप न्हाई. म्हणून मीच लिहायलेय. आता राम राम.

वालूरहून परभणीला गेलो ते प्रश्नमंजुषेसाठी. मुक्ती आठवीत हाय. विषय होता, आशियाई क्रीडा स्पर्धांत भारतानं आजवर काय केलं. पहिल्या दोन नंबरांना पुढं संभाजीनगरला जायचं होतं. पोरीनं परभणीपल्याड काही पाहिलेलं न्हाई, तिचा सगळा जीव त्या दोन नंबरांत. बाप सोयाबीन काढायला, आई शेळ्यांमागं. संगं जायला रिकामी मीच उरले.

अभ्यास बी मीच घेतला होता. म्हणजे महिनाभर शेळ्या चारताना ती बोलायची अन् मी हूं म्हणायची. चौथी शिकलेली मास्तरीण. तरी मला पाठ झालं. पहिली स्पर्धा एक्कावन्न साली, आपल्याच दिल्लीत. तवापासून भारत एकदाही चुकला न्हाई. इतक्या नेमानं आमच्या ग्रामसभेला बी कुणी येत न्हाई. कबड्डी नव्वद साली आली. पोरांचं सोनं दर खेपेला आपलंच, ते अठरा साली इराणनं हिसकलं. ऐकून मी दोन दिवस बेजार होते. इराण कुठं हाय हे मला आजही मालूम न्हाई, पण राग लय आला. पुढच्या खेपेला, चीनच्या हांगझोऊत, आपण ते परत आणलं, तवा जेवण गोड लागलं.

आता माझी खोड. आमच्या घरात जनावरांचा पुरा आकडा उघड्यावर बोलत न्हाईत. नजर लागती. वीस शेळ्या असल्या तर एकोणीस सांगायच्या, एक राखायची. मुक्ती रानात मोठ्यानं म्हणायची, "हांगझोऊ, एकूण पदकं एकशे सात." मी दटावायची, "हळू. शंभराच्या वर पहिल्यांदाच गेलेत, कुणाची दृष्ट लागंल. एक राखून सांग." ती हसायची अन् एकशे सहा म्हणायची. महिनाभर.

तुम्ही जाणार असाल तर सकाळची पहिली एसटी धरा अन् उजव्या अंगाला बसा, ऊन लागत न्हाई. दोन्हीकडं कापूस फुटलेला, बघायला बरा. रस्ता मधेमधे असा हाय की पोटातली भाकर गळ्याशी येती. कंडक्टरनं विचारलं, "आजी, वय किती?"

"चौऱ्याहत्तर."

"पंच्याहत्तर असतं तर फुकट होतं. आता अर्धं काढा."

मुक्तीनं कोपर मारलं. "आजे, तुला पंच्याहत्तर झाली की."

"म्हाताऱ्या माणसानं शब्द फिरवू न्हाई," म्हणले अन् अर्धं काढलं. तिथंच शहाणी झाले असते तर हे लिहायची पाळी आली नसती.

स्टँडवर उतरून आधी भजे खाल्ले. गरम होते, मिरची झणझणीत. रिक्षावाल्यानं हॉलपर्यंत गावभर फिरवून नेलं. परत येताना कळलं, चालत दहा मिनिटं बी न्हाई.

मुक्तीनं सगळं धडाधड सांगितलं. दुसऱ्या नंबराला ती अन् जिंतूरची एक चष्मेवाली पोरगी बरोबरीला आल्या. मग परीक्षक मॅडमनी एकच प्रश्न काढला. हांगझोऊला भारताची एकूण पदकं किती? मुक्तीनं आधी हात वर केला, अन् पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्याकडं बघितलं.

"एकशे सहा."

तोंडातून निघालं अन् तिचा चेहराच उतरला. चष्मेवालीनं एकशे सात सांगितलं. मी उठले.

"मॅडम, पोरीला बरोबर मालूम हाय. तो एक मी राखायला लावला."

"म्हणजे?"

"नजर लागती म्हणून."

सगळा हॉल हसला. मॅडम बी. म्हणल्या, "आजी, खाली बसा. उत्तर ज्याचं त्यानंच द्यायचं असतं."

बसले. दुसरं करणार काय. आमच्याकडं म्हणतात, बनी तो बनी, नहीं तो परभणी; जमलं तर जमलं, न्हाईतर आपली परभणी हायच. आमची बनली न्हाई, नुसती परभणी झाली.

परतीच्या एसटीत मुक्तीनं खिडकीच्या धुळीत बोटानं एकशे सात लिहिलं. मग म्हणली, "आजे, पण नजर लागली कुणाची?"

"माझी," म्हणले. परतीला मात्र कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं अन् फुकट आले. सगळ्या फेरीत माझी अक्कल तेवढीच चालली.

घरी येऊन दोन दिवस झाले. पोरगी शाळेत जाती, जेवती, पण रानात माझ्यासंगं बोलत न्हाई. आज सकाळी जनावरांना लस टोचणारे डॉक्टर आले. वही उघडून विचारलं, "आजी, शेळ्या किती?"

एकोणीस अगदी जिभेवर आलं होतं. मुक्ती दावं धरून माझ्याकडं बघायली.

"मला इचारू नका," म्हणले. "मुक्ते, तू सांग. मोठ्यानं सांग, अन् एक बी राखू नको."