ताईच्या खोलीतला उजेड

"आधी उजेडात बघू," हे फोटोवाल्यांचं ठरलेलं वाक्य. शर्टाचं कापड असो, दुधावरची साय असो, नाहीतर वरच्या मजल्यावर आलेला नवा भाडेकरू. आधी उजेडात बघायचं, मगच मत द्यायचं. त्याच वाक्यानं त्यांना पेचात टाकलं.

नवरा गेल्यावर ताईनं, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीनं, त्याचा एकुलता एक धड फोटो भावाकडे दिला. फोटोवाल्यांनी तो साफ केला, मोठा कृष्णधवल छापला आणि कुणाच्या तरी हाती पाठवून दिला. थोड्याच दिवसांत ताई तो घेऊन दुकानात हजर.

"हे हिरवट दिसतात रे. दवाखान्यात शेवटी दिसायचे तसे. बघवत नाही मला."

फोटोवाल्यांनी तो ट्यूबलाइटखाली धरला. हिरवं कुठेच नव्हतं.

"इथे नाही दिसत खरं," ताईही गोंधळली. फोटो मात्र तिनं परत नेला नाही.

त्यांनी आणखी दोन कंपन्यांची पिगमेंट शाई मागवली. ही शाई कागदात मुरून जात नाही, तिचे बारीक कण वर बसून राहतात, आणि प्रत्येक शाईचे कण उजेडाला आपल्या परीनं ओ देतात. एवढं त्यांना माहीत होतं. पण तिन्ही शायांत छापलेले भाऊजी टेबलावर ओळीनं मांडल्यावर डोकं चालेना. ट्यूबखाली पहिले उत्तम, दुसरे तांबूस, तिसरे निळसर. दारात नेले तर पहिले हिरवट आणि दुसरे झकास. दुकानामागच्या स्वयंपाकघरातल्या पिवळ्या बल्बखाली तिसरेच सरस.

"भाऊजींना घरभर किती हिंडवाल?" भांडी विसळता विसळता बायको म्हणाली.

"यातले खरे कोणते, ते सांग."

"मला काय विचारता? जिवंतपणी तरी ते रोज सारखे दिसायचे का?"

"मस्करी नको. काळं कसं असतं तेच मला कळेनासं झालंय." समोरच्या तारेवरचा कावळासुद्धा त्यांना आज जांभळट वाटत होता.

बायकोनं हात पुसले. "वन्सं फोटो लावणार कुठे?"

"बाहेरच्या खोलीत."

"तिथे दिवा कसला आहे?"

 भाऊजी गेल्यापासून त्या खोलीत फोटोवाल्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. कधी कामाचा डोंगर, कधी पाठदुखी. खरं कारण होतं खिडकीजवळची भाऊजींची खुर्ची.

"पांढरा असेल. का पिवळा? फोन करून विचारतो."

"फोनवरून उजेड दिसतो का तुम्हाला?"

 तिन्ही फोटो पुठ्ठ्यात घालून फोटोवाले दिवेलागणीला बाहेर पडले. दुकानाच्या पायरीवरून बायको बघत होती. रस्त्यावरच्या पहिल्या दिव्याखाली ते थांबले, एक फोटो काढून आडवा-उभा धरला, मान हलवली, परत ठेवला. ताईच्या गल्लीच्या तोंडाशी पुन्हा थांबले. या वेळी पुठ्ठा उघडला नाही. काखेतून काढून छातीशी धरला आणि आत वळले. तरीही बायको पायरीवरून हलली नाही.