दशरथचा उलटा बोर्ड

"उलटवलंस का?" एवढ्या एका प्रश्नावरून दशरथ कांबळे बुधवार पेठेत ओळखला जायचा. इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टचं सर्किट घेऊन आली, की हा चष्म्यावरून बघून पहिलं हेच विचारणार. पोरं मागून नक्कल करायची. करेनात का!

पूर्वी तो दुकानात तांब्याच्या पत्र्यावर इस्त्रीने सर्किट छापून ॲसिडात बुडवायचा, की बोर्ड तयार. कागद पालथा पडायचा, चित्र आपोआप उलटायचं. डोक्याला ताप नव्हता. मग हिंजवडीत नोकरीला लागलेल्या लेकीने, निकिताने, टेबलावरचं मिलिंग मशीन घेऊन दिलं. बारीक टोकाचं बिट फिरतं आणि नको ते तांबं कोरून काढतं. बोटं पिवळी व्हायची थांबली. पण चित्र आधी आपण उलटवून द्यायचं, आणि मशीन किंचाळतं असं, की शेजारी भिंत ठोकतात.

बायकोला, प्रेमलाला, अर्धांगवायू झाला तेव्हा दुकान बंद करून त्याने मशीन बोपोडीच्या घरी आणलं. बाहेरच्या खोलीत मशीन, आतल्या खोलीत प्रेमला. तिची उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. काही हवं असलं की डाव्या हाताने ताटलीवर चमचा वाजवायची.

गेल्या आठवड्यात ती अशीच वाजवत राहिली, आणि हा पठ्ठ्या बाहेर कुणाच्या तरी रोबोटचा बोर्ड कोरत बसलेला. काम संपवून आत गेला तर ती पलंगावरून खाली पडलेली, कपाळाला खोक. रडतही नव्हती. तेच त्याला सहन झालं नाही.

घंटी लावून उपयोग नव्हता, त्या किंचाळण्यात घंटी कोण ऐकणार? तिच्या हाताशी बटण हवं, दाबलं की मशीनच बंद. तेवढ्यासाठी त्याने स्वतःच छोटं सर्किट आखलं.

सकाळी निकिता कंपनीच्या बसला गेली आणि दशरथने त्या सर्किटचा बोर्ड मशीनवर लावला. रात्रभर प्रेमलाला कूस बदलून देता देता त्याचे खांदे भरून आले होते. बिट फिरत असताना तो सारखा उठून आत डोकावत होता. ती जागी होती, बघत होती. बोर्ड झाला, झकास दिसत होता. त्याने सुटे भाग बसवायला घेतले, तर एकाचे पाय भोकांत जातील तर शपथ!

चित्र उलटवायचंच राहिलं होतं. साऱ्या जगाला विचारलं, स्वतःला विचारलं नाही.

त्याचा धीरच सुटला. आतल्या खोलीकडे तोंड करून तो मोठ्याने म्हणाला, "कंटाळलो गं, प्रेमला. खरंच कंटाळलो."

दुसरा बोर्ड कोरता आला असता. पण पुन्हा ते किंचाळणं, पुन्हा ती चमचा वाजवणार आणि याला ऐकू येणार नाही. नको. त्याने भाग तांब्याच्याच बाजूने बसवले, पाय जरा उचलून धरले आणि खालून कशीबशी सोल्डरिंग गन घातली. काम इतकं ओबडधोबड, की एखाद्या पोराने आणलं असतं तर याने त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. पण बोर्डावरचा दिवा लागला. मशीनची वायर त्यातून घेतली आणि बटण प्रेमलाच्या डाव्या हाताशी चिकटपट्टीने लावलं.

दुपारी दीपाली नावाच्या मुलीचा बोर्ड लावला. तिची परीक्षा तोंडावर आली होती, सकाळपासून फोन चालले होते. काम निम्म्यावर आलं आणि मशीन गप्प झालं. बिट तांब्यात रुतलेलं, बोर्ड वाया.

"काय झालं?" तो धावतच आत गेला.

प्रेमला पलंगावर नीट पडलेली होती. पाण्याचा तांब्या भरलेला होता, चादर कोरडी होती. बोट अजून बटणावर.

"अगं, काय हवंय? तिकडे बोर्ड गेला ना माझा!"

तिने ओठ जुळवले. बराच वेळ लागला.

"आ... आलात."

रागाचे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते, पण सकाळचं 'कंटाळलो' तिने ऐकलं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं. तो पलंगाच्या कडेवर बसला, तिचं बोट बटणावरून काढून हातात धरलं.

"आलो गं," तो म्हणाला. "आलो."